बसून चालवायची इलेक्ट्रिक बॅग सुधारली आहे, पण दुखऱ्या गुडघ्यांसाठी घ्यावी का?

नाशिकच्या एका ताईंनी विचारलं आहे. वय ६१, दोन्ही गुडघे दुखतात, मुलगा फ्रँकफर्टला असतो. मे महिन्यात एकट्या जाणार आहेत. मुंबई ते दुबई, तिथे अडीच तास थांबून पुढचं विमान. मुलगा म्हणतो, "आई, बसून चालवायची इलेक्ट्रिक बॅग घेऊन देतो, आता त्या खूप सुधारल्यात, तुला चालावंच लागणार नाही." ताईंचं म्हणणं असं की, सुधारल्या म्हणजे नेमकं काय झालं, आणि मी घ्यावी का?

मी ठाण्यात बॅगा दुरुस्त करतो. तेवीस वर्षं झाली. चाकं, चेन, ट्रॉलीचे दांडे, कुलपं हे रोजचं काम. गेल्या काही वर्षांत मोटरवाल्या बॅगाही यायला लागल्या. आतापर्यंत पंधरा-सोळा उघडून पाहिल्या असतील. त्यामुळे आत काय बदललं ते सांगू शकतो. पण ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर बॅगेच्या आत सापडणार नाही. तुम्हाला खरं विचारायचं आहे की दुबईच्या विमानतळावर एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंत गुडघ्यांना त्रास न होता मी कशी पोहोचू. त्याकडे येतोच, आधी बॅगेबद्दल बोलू.

या कल्पनेला दहा वर्षांहून जास्त काळ झाला. २०१४ मध्ये चीनमधल्या चांगशा शहरात हे लियांगत्साय नावाच्या शेतकऱ्याने दहा वर्षं खपून एक बॅग बनवली आणि तिच्यावर बसून तो रेल्वे स्टेशनकडे निघाला. ताशी २० किलोमीटर वेग आणि एका चार्जमध्ये ५०-६० किलोमीटर असा त्याचा दावा होता. त्या बातमीचे फोटो तेव्हा जगभर फिरले. २०१६ मध्ये अमेरिकेतली मोडोबॅग लोकवर्गणीतून बाजारात यायला निघाली. वेग ताशी १३ किलोमीटरच्या आसपास, रिकाम्या बॅगेचं वजन साडेआठ किलोच्या घरात. मग चीनच्या एअरव्हीलने लहान-मोठे बरेच प्रकार आणले, आणि आज तुम्हाला रीलमध्ये दिसतात त्या बहुतेक बॅगा त्याच धाटणीच्या असतात.

सगळ्यात मोठी सुधारणा बॅटरीत झाली, आणि ती विमान कंपन्यांच्या रेट्यामुळे झाली. लिथियमची बॅटरी सामानाच्या कप्प्यात पेटली तर तिथला हॅलॉन वायू वरची ज्वाळा विझवतो, पण सेलच्या आत तयार होणारी उष्णता त्याला थांबवता येत नाही. एक सेल शेजारच्याला पेटवतो, तो त्याच्या शेजारच्याला. केबिनमध्ये तेच झालं तर धूर लगेच दिसतो आणि कर्मचारी पाणी ओतून ती थंड करू शकतात. म्हणून जानेवारी २०१८ पासून अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांनी नियम केला की बॅगेतली बॅटरी काढता येत नसेल तर ती बॅग नेता येणार नाही. ब्लूस्मार्ट नावाची कंपनी मोबाइल चार्ज करणाऱ्या, स्वतःचा ठावठिकाणा कळवणाऱ्या बॅगा विकायची. त्यांची बॅटरी सहज निघत नव्हती. मे २०१८ मध्ये ती कंपनी बंद झाली. त्या धक्क्याने सगळे शहाणे झाले.

माझ्याकडे आलेल्या सुरुवातीच्या एका बॅगेची बॅटरी काढायला सहा स्क्रू खोलावे लागले, अस्तराची शिवण उसवावी लागली आणि मग सोल्डर केलेल्या दोन वायरी सोडवाव्या लागल्या. काउंटरवर मागे रांग उभी असताना कोण करणार हे? आता वरच्या बाजूला एक झाकण असतं. ते दाबलं की बॅटरी कांदेपोह्यांच्या डब्याएवढ्या चौकोनी ठोकळ्यासारखी बोटभर वर येते, आणि ओढली की हातात. परत बसवताना 'टक्' असा आवाज यायला हवा. आवाज आला नाही तर संपर्काच्या पितळी पट्ट्या पूर्ण टेकलेल्या नसतात, बॅग झटके देत चालते आणि पट्ट्या काळ्या पडतात. अशा काळ्या पडलेल्या पट्ट्या मी तीनदा बदलल्या आहेत. दोष बॅटरीचा नव्हता, नुसती नीट बसवलेली नव्हती.

बॅटरीचं माप आता बहुतेकांनी नियमाच्या आत आणलं आहे. मोजायला सोपं आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. एका चालू मॉडेलवर २२.२ व्होल्ट आणि ३.३ अँपिअर-अवर लिहिलेलं असतं, म्हणजे ७३.२६ वॉट-अवर. १०० पर्यंत परवानगी विचारावी लागत नाही, १०० ते १६० मध्ये विमान कंपनीची मंजुरी लागते, त्यापुढची प्रवासी म्हणून नेताच येत नाही. एवढ्या बॅटरीवर आठ-दहा किलोमीटर जाता येतं असं कंपन्या सांगतात. गुळगुळीत फरशी आणि सत्तर किलोचा माणूस धरला तर माझा हिशेबही तिथेच जातो. गालिचावर, चढावर किंवा नव्वद किलोच्या माणसाला त्यापेक्षा बरंच कमी. टर्मिनलमध्ये मात्र कुणाला दोन-तीन किलोमीटरच्या वर जायचं नसतं, म्हणून अंतराची काळजी करू नका.

एक छोटी गोष्ट कुणी सांगत नाही. बॅटरीवरचा वॉट-अवरचा छापील मजकूर वाचता आला पाहिजे. सुरक्षा तपासणीत ती लॅपटॉपसारखी वेगळ्या ट्रेमध्ये ठेवावी लागते, आणि आकडा पुसला गेला असेल तर तिथला जवान ती अडवू शकतो. माझ्या एका गिऱ्हाइकाची अशीच अडली होती. आता मी प्रत्येकाच्या लेबलवर पारदर्शक टेप लावून देतो.

दुसरी सुधारणा ब्रेक आणि बैठक यांत. सुरुवातीच्या बॅगांत अंगठ्याखालचा खटका सोडला तरी बॅग पुढे घरंगळत राहायची. आता खटका सोडला की मोटरच उलटा जोर लावून तिला हळूहळू थांबवते. हे लक्षात घ्या की माणूस जमिनीपासून अर्धा मीटर उंच बसलेला असतो आणि खालच्या चाकांमधलं अंतर हातभरसुद्धा नसतं. ब्रेक करकचून लागला की अंग पुढे फेकलं जातं. म्हणून झटक्याचा ब्रेक जाऊन सावकाश थांबणारा आला, ही मला वेगापेक्षा मोलाची गोष्ट वाटते. काही मॉडेलमध्ये पुढचं चाक हँडलसकट पुढे ओढून घेता येतं, त्याने पाया लांब होतो आणि डुगडुगणं कमी होतं. पाय ठेवायच्या दांड्या पूर्वी बाहेर लोंबायच्या आणि कन्व्हेयरवर तुटायच्या. आता त्या आत मिटतात.

मोटर चाकातच बसवलेली असते, तिला ब्रश नसतात, त्यामुळे झिजण्यासारखं फार काही राहिलेलं नाही. बिघाड येतात ते साध्या कारणांनी. सगळ्यात जास्त वेळा मी काय काढतो, तर चाकाच्या आसाभोवती गुंडाळलेले लांब केस आणि ओढणीचे धागे. घट्ट पिळाची वात होते अगदी. ब्लेडने कापून चिमट्याने ओढली की मोटर पुन्हा मोकळी. दुसरं म्हणजे माळ्यावर आठ-दहा महिने पडून राहिलेली बॅटरी. ती आपोआप उतरत जाते, एका मर्यादेखाली गेली की आतलं संरक्षण सर्किट तिला कुलूप लावतं आणि मग चार्जरवर लावली तरी दिवा लागत नाही. अर्धी चार्ज करून, बॅगेतून काढून, कोरड्या जागी ठेवायची आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघायची. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर हे जास्तच पाळावं लागतं. गेल्या जुलैत आलेल्या बॅगेच्या तळाचे सगळे स्क्रू गंजून धरले होते, ड्रिलने काढावे लागले.

इतकं सगळं चांगलं झालं, मग अडचण कुठे आहे? वजनात. माझ्या काट्यावर आलेली सर्वांत हलकी मोठ्या माणसाची बॅग, बॅटरीसकट, ७ किलो ४०० ग्रॅम भरली. बाकीच्या आठ ते साडेनऊच्या दरम्यान. आता दुसरा आकडा बघा. इंडिगो, एअर इंडिया आणि एमिरेट्स, तिघांकडेही इकॉनॉमीतल्या केबिन बॅगेला ७ किलोची मर्यादा आहे. लुफ्तान्साकडे ८. म्हणजे आत एक रुमालही ठेवला नाही तरी बॅग मर्यादेच्या काठावर किंवा बाहेर. शिवाय मोटर, दांडा आणि बॅटरीचा कप्पा जागा खातात. बाहेरून वीस इंची दिसणाऱ्या बॅगेत साध्या बॅगेच्या जेमतेम निम्मं सामान मावतं.

वजन जास्त भरलं की काउंटरवर सांगणार, चेक-इन करा. बॅटरी काढून पर्समध्ये घ्यायची, तिच्या टोकांवर टेप लावायचा, बॅग पट्ट्यावर द्यायची. हे शक्य आहे. पण ताई, मग ती बॅग थेट फ्रँकफर्टला निघाली. दुबईत ती तुमच्याजवळ नसणार. ज्या अडीच तासांसाठी मुलगा ती घेऊन देतो आहे, नेमक्या त्याच वेळी ती विमानाच्या पोटात असेल. तुम्हाला ती मिळेल मुंबईत गाडीतून उतरल्यापासून काउंटरपर्यंत आणि फ्रँकफर्टला पट्ट्यापासून दारापर्यंत. या दोन्ही ठिकाणी ढकलगाडी फुकट किंवा थोड्या पैशांत मिळते.

काही ठिकाणी वजन बघत नाहीत, नुसता आकार बघतात, हे खरं आहे. पण एकट्याने जाणाऱ्या माणसाने त्या भरवशावर राहू नये. त्यात आणखी एक घोळ आहे. बऱ्याच विमान कंपन्या हॉवरबोर्डसारखी लिथियमवर चालणारी छोटी वाहनं केबिनमध्येही घेत नाहीत आणि सामानातही नाही. बसायची बॅग ही 'स्मार्ट बॅग' की 'छोटं वाहन', हे समोरचा कर्मचारी कसं पाहतो त्यावर ठरतं. म्हणून जो कुणी अशी बॅग घेणार असेल त्याने मॉडेलचं नाव आणि बॅटरीचा आकडा लिहून विमान कंपनीला मेल करावा आणि आलेलं उत्तर छापून जवळ ठेवावं. फोनवरच्या होकाराला काउंटरवर किंमत नसते.

चालवायची परवानगी हा पुन्हा वेगळा विषय. जपानमध्ये अशी बॅग रस्त्यावर मोपेडच्या वर्गात धरतात, म्हणजे परवाना हवा, हेल्मेट हवं, आरसे हवेत. २०२४ मध्ये ओसाकात फुटपाथवर बॅग चालवणाऱ्या एका परदेशी तरुणीवर पोलिसांनी कारवाई केली होती, आणि कन्साई विमानतळ प्रवाशांना आत बॅगेवर बसून फिरू नका असंच सांगतो. आपल्याकडून साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायला जाणाऱ्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावं. जर्मनीत ताशी ६ किलोमीटरच्या वर मोटरवर धावणारं वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणायचं तर मान्यता आणि विमा लागतो. तिथल्या ई-स्कूटरच्या मागे विम्याचा छोटा नंबर लावलेला तुमच्या मुलाने रोज पाहिला असेल. बॅगेला तसा नंबर नसतो. तेव्हा फ्रँकफर्टच्या स्टेशनबाहेर फुटपाथवर ती चालवायची नाही, हातानेच ओढायची. आणि साडेआठ किलोची रिकामी बॅग जिन्यावरून उचलायची वेळ आली तर गुडघ्यांचं काय होईल ते तुम्हीच बघा.

गुडघ्यांवरून सांगतो. मागच्या दिवाळीच्या आधी एक काका त्यांच्या मुलीने पाठवलेली बॅग घेऊन आले. नवी कोरी होती, फक्त सुरू कशी करायची ते समजून घ्यायचं होतं. वय अडुसष्ट, काटक माणूस. दुकानासमोरच्या सिमेंटच्या गल्लीत त्यांना बसवलं. बसायला पाय बॅगेवरून पलीकडे टाकावा लागतो, साडी नेसलेल्या बाईला तर ते अवघडच. बसल्यावर पाय दांड्यांवर ठेवले की गुडघे काटकोनात दुमडून राहतात. वीस-पंचवीस फूट ते छान गेले, चेहरा खुलला होता. मग गटाराच्या झाकणाशी सिमेंटची बोटभर उंच कड आली. तळहाताएवढं पुढचं चाक तिथे अडकलं आणि बॅग जागीच थांबली. काकांनी सवयीने उजवा पाय खाली टेकवला आणि सगळा भार त्या एका गुडघ्यावर आला. मी बाजूलाच चालत होतो म्हणून खांद्याला धरलं. लागलं नाही, पण ते दहा मिनिटं पायरीवर बसून गुडघा चोळत होते. मला अजून ते आठवलं की बरं वाटत नाही, कारण त्या कडेवरून मी रोज ये-जा करतो आणि ती माझ्या लक्षात यायला हवी होती.

विमानतळावर फरशी चांगली असते, पण सरकत्या पट्ट्यांचे धातूचे काठ असतात, दृष्टिहीनांसाठीच्या उंचवट्याच्या रेघा असतात, लिफ्टच्या दाराशी फट असते. आणि दर रांगेला उतरा, दोन पावलं ढकला, पुन्हा बसा. ज्याचे गुडघे धड आहेत त्याला याचं काही वाटणार नाही. ज्याचे दुखतात त्याला बसण्या-उठण्याचाच त्रास जास्त असतो, सपाटीवर चालण्याचा कमी. तुमचं तसं आहे का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, माझा तो प्रांत नाही.

मग ही बॅग कुणासाठी चांगली? माझ्या गिऱ्हाइकांत एक चाळिशीचे गृहस्थ आहेत, महिन्यातून दोनदा कामासाठी बाहेर जातात, बिझनेस क्लासने. त्यांची केबिनची मर्यादा जास्त, सामान कमी, लांबलचक टर्मिनल ओळखीची झालेली. तीन वर्षं वापरतायत, एकदा केस काढले आणि एकदा टायर बदलला, बाकी तक्रार नाही. लहान मुलांच्या बॅगाही मला आवडल्या. आई-वडील दांडा धरून मागे चालतात, पोर वर बसलेलं असतं, वेग चालण्याएवढाच. रात्री दोनच्या विमानाला पेंगुळलेलं मूल कडेवर घेऊन ज्यांनी अर्धा किलोमीटर तुडवला आहे त्यांना त्याचं मोल कळेल. पाच-सात वर्षांपूर्वी कुणी विचारलं असतं तर मी सरसकट नको म्हटलं असतं. आज तसं म्हणणार नाही, यंत्र म्हणून ती भरवशाची झाली आहे.

तुमच्यासाठी मात्र मी वेगळं सुचवतो. तिकीट काढताना, निदान प्रवासाच्या ४८ तास आधी, विमान कंपनीला व्हीलचेअर सांगा. त्यांच्या भाषेत 'डब्ल्यूसीएचआर' नावाचा प्रकार आहे. जिना चढता-उतरता येतो पण लांब चालता येत नाही, अशा प्रवाशासाठी तो असतो. तुमचं वर्णन तेच आहे. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असली तर दुबईत विमानाच्या दाराशी माणूस येतो आणि पुढच्या गेटपर्यंत नेऊन पोहोचवतो. याचे पैसे लागत नाहीत. पुष्कळ बायका संकोचतात, "मी काय अपंग आहे का" म्हणतात. माझी आईसुद्धा म्हणायची. एकदा खुर्चीत बसली आणि पुढच्या वेळी तिनेच आठवण केली. संकोच अजिबात करू नका.

आणि केबिनसाठी चार चाकांची हलकी बॅग घ्या, रिकामी अडीच किलोच्या आतली, दुकानात स्वतः काट्यावर ठेवून बघा. चाकं जोडीची असावीत, दांडा पूर्ण वर ओढून डाव्या-उजव्या बाजूला हलवून बघा, दोन बोटांपेक्षा जास्त हलत असेल तर ती नको. खर्च इलेक्ट्रिक बॅगेच्या कितीतरी खाली येईल.

मुलाने बॅग आधीच मागवून ठेवली असेल तर परत करायची घाई करू नका. बॅटरीवरच्या लेबलचा आणि बॅगेच्या तळाचा फोटो इथेच टाका. वॉट-अवर किती, बॅटरी वरून निघते की आतून, हे बघून ती तिकडे त्याला वापरायला ठेवावी की बदलून घ्यावी ते सांगतो.